चुड्याचे मूळ गाव

मोंबासाच्या जुन्या बंदराच्या तोंडाशी, प्रवाळाच्या खडकावर, ‘फोर्ट जीझस’ नावाचा किल्ला उभा आहे. नगरच्या कापडबाजारातील एका स्थानकवासी ओसवाल घराण्यातील बहात्तर वर्षांच्या बाईंनी तो प्रथम पाहिला, तेव्हा त्यांच्या तोंडून सहज निघून गेले, “हा तर आपला भुईकोटच की!”

साम्य वरवरचे नव्हते. दोन्ही किल्ले डोंगरावर नाहीत, सपाटीवर आहेत. जमिनीच्या बाजूने दोहोंना खंदक आहे. दोघांनीही तुरुंग म्हणून दिवस काढले आहेत. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर नेते स्थानबद्ध होते. मोंबासाच्या किल्ल्यात इंग्रजांनी १८९५ पासून १९५८ पर्यंत कैदी कोंडले. नगरचा दगडी कोट हुसेन निजामशहाने बांधविला, तो मोंबासाच्या किल्ल्याहून सुमारे तीन दशकांनी वडील. बाईंना ही सनावळी ठाऊक नव्हती. परंतु भिंत पाहून वय ओळखण्याची नजर जुन्या माणसांना असते.

बाईंचा धाकटा मुलगा चहाच्या निर्यातीचा व्यवसाय करणाऱ्या एका पेढीत लेखापाल आहे. पूर्व आफ्रिकेतील चहाचा मोठा लिलाव मोंबासाला होतो, त्यामुळे या व्यवसायातील माणसांना तेथे बिऱ्हाड करावेच लागते. चार वर्षे तेथे राहूनही मुलगा आणि सून यांनी किल्ला आतून पाहिला नव्हता. यात नवल नाही. नगरची कितीतरी माणसे भुईकोट न पाहताच आयुष्य काढतात. जे जवळ असते ते उद्यावर पडते. आई भारतातून आल्या, पाहुण्यांना काय दाखवावे असा प्रश्न पडला, तेव्हा किल्ल्याची आठवण झाली. मुलाला कामावरून सवड नव्हती, म्हणून सासू-सून दोघीच निघाल्या.

प्रवेशशुल्काच्या खिडकीपाशी पहिला हिशेब झाला. तेथील रहिवाशांना एक दर आणि परदेशी पाहुण्यांना दुसरा, अर्थातच चढा. सुनेचे शुल्क कमी आणि आपले अधिक हे पाहून बाई म्हणाल्या, “म्हणजे तू आता इथली झालीस तर!” थट्टेतच म्हणाल्या, पण सून क्षणभर गप्प झाली. मुलगा परत कधी येणार, हा प्रश्न त्या घरात कोणी उघड विचारत नाही आणि कोणी विसरतही नाही.

किल्ल्याचा इतिहास वाटाड्याने सांगितला, तो थोडक्यात असा. १५८५ आणि १५८९ मध्ये मीर अली बे नावाच्या तुर्की सरदाराने या किनाऱ्यावर स्वाऱ्या केल्या. पोर्तुगीजांना त्यामुळे धास्ती पडली आणि मोंबासाला पक्के ठाणे करण्याचे ठरले. १५९३ मध्ये बांधकामाला आरंभ झाला. आराखडा जोवान्नी बात्तिस्ता कैराती या मिलानच्या स्थापत्यकाराचा. हा मनुष्य गोव्याच्या सरकारच्या नोकरीत होता आणि पूर्वेकडील पोर्तुगीज ठाण्यांच्या तटबंदीचे काम त्याच्याकडे असे. मोंबासाचा कारभारही गोव्यातूनच चाले. हुकूम गोव्याचा, दारूगोळा गोव्याचा, आणि संकट आले की वाट पाहायची तीही गोव्याच्या जहाजांची. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभा असला तरी हा किल्ला निम्मा आपल्याच कोकणपट्टीच्या वहीत जमा होता, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही.

पोर्तुगीजांना येथे काय हवे होते? जमीन नव्हे. त्यांना हवा होता समुद्रावरचा व्यापार. त्यांचा परवाना घेतल्यावाचून अरबी समुद्रात जहाज हाकारावयाचे नाही आणि त्यांच्या नाक्यावर जकात भरल्यावाचून माल हलवावयाचा नाही, असा त्यांचा दंडक होता. गुजरातचे व्यापारी त्यांच्या आधीपासून या किनाऱ्यावर येत होते. कापड आणि मणी न्यावयाचे, हस्तिदंत आणि सोने आणावयाचे, हा त्यांचा जुना उदीम. चालत्या पेढीच्या दारात बंदुकधारी बसवावा तसा हा किल्ला बसला. वाटाडा बोलत असता बाईंना स्वाहिली भाषेतले शब्द मधूनमधून ओळखीचे वाटू लागले. दुकानाला तेथे ‘दुका’ म्हणतात, विम्याला ‘बिमा’, लाखाला ‘लाकी’. १९२० पर्यंत तेथे चलनही रुपयाचेच होते. एवढे ऐकल्यावर बाईंचा परकेपणा बराच सैल झाला.

संग्रहालयाच्या दालनात एका बुडालेल्या जहाजाच्या वस्तू मांडल्या आहेत. जहाजाचे नाव ‘सांतो अंतोनियो द ताना’. ताना म्हणजे आपले ठाणे. हे लढाऊ जहाज वसईच्या गोदीत बांधले गेले आणि १६८१ मध्ये पाण्यात उतरले. १६९७ मध्ये वेढ्यात सापडलेल्या किल्ल्याला कुमक घेऊन ते आले आणि त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, किल्ल्याच्या डोळ्यांसमोर बुडाले. १९७७ पासून काही वर्षे पाणबुड्या संशोधकांनी त्याचे उत्खनन केले. त्याचा सांगाडा अजून बंदराच्या तळाशी आहे. वर काढलेली भांडीकुंडी आणि इतर सामान या दालनात आहे. सुनेचे माहेर वसईचे. ज्या गावात लहानपण गेले त्या गावचे जहाज चार वर्षे आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर पाण्याखाली पडून होते आणि आपणांस त्याची वार्ताही नव्हती, याचे तिला मोठे आश्चर्य वाटले. तिने माहेरी पाठविण्यासाठी त्या पाटीचे छायाचित्र घेतले.

तो वेढा मात्र ऐकण्यासारखा आहे. १६९६ च्या मार्च महिन्यात ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला, तो १६९८ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे तब्बल तेहतीस महिने चालला. आत पोर्तुगीज सैनिक थोडे. त्यांच्या बाजूचे स्थानिक लोक, बायकामुलांसह, अधिक. तलवारीपेक्षा रोगराईने आणि उपासमारीने अधिक माणसे नेली. १६९७ मध्ये अशी वेळ आली की आत एकही पोर्तुगीज सैनिक जिवंत उरला नाही. त्या दिवसांत फाझा बेटाचा शेख दाऊद, त्याचे काही नातलग, मोजके आफ्रिकी पुरुष आणि पन्नासेक आफ्रिकी स्त्रिया यांनी किल्ला राखला. राजा पोर्तुगालचा, हुकूम गोव्याचा, आणि तटावर उभ्या राहिल्या त्या या बायका. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. पुढे गोव्याहून पुन्हा कुमक आली, वेढा लांबला आणि अखेरीस किल्ला पडला तेव्हा आत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरली होती. गोव्याची पुढील जहाजे काही दिवसांनी पोहोचली. किल्ल्यावर ओमानचे निशाण पाहून ती आल्या वाटेने परतली. व्यवहारात ज्यांनी उशिरा आलेल्या रकमेचा अनुभव घेतला आहे, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगावयास नको.

एका भिंतीवर पोर्तुगीज खलाशांनी कोळशाने आणि गेरूने काढलेली जहाजांची चित्रे अजून टिकून आहेत. बाई त्यांच्यापुढे बराच वेळ उभ्या होत्या. घरी जाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाने काढलेले चित्र ओळखावयास भाषा लागत नाही.

यानंतर तिघे तटावर आले. समोर खाडीचे निळे पाणी, पलीकडे मुख्य भूमीचा किनारा. वाटाडा ओमानी अमलाविषयी बोलू लागला. या किनाऱ्यावरून मुख्यत्वे दोन गोष्टी बाहेर जात, तो म्हणाला. हस्तिदंत आणि माणसे. आतल्या मुलखातून कांबा लोक हस्तिदंत आणीत. दूरदूरचे तांडेही येत. सुळे माणसांच्या खांद्यांवरून येत. त्यांतले बरेच मजुरीचे हमाल असत, काही पकडून आणलेले गुलाम. हस्तिदंत मग जहाजांत चढे. “कोठे जात असे?” सुनेने विचारले. “तुमच्याकडे,” वाटाडा म्हणाला, “मुंबईला आणि कच्छला. आफ्रिकेच्या हत्तीचा सुळा जाड आणि मऊ असतो, त्याच्या बांगड्या चांगल्या निघतात. तुमच्या नववधूंना त्या लागत.”

सुनेने हे मराठीत सांगितले, जसेच्या तसे. बाईंनी पुन्हा विचारले, “काय म्हणाला? बांगड्या?”

येथे थोडे नगरच्या घराविषयी सांगितले पाहिजे. हे घराणे मूळचे मारवाडातले, पालीच्या बाजूचे. पाली गाव हस्तिदंती चुड्यांसाठी प्रसिद्ध होते. बाईंच्या आजेसासूबाईंचा असा एक चुडा घरात आहे. मनगटापासून कोपरापर्यंत क्रमाने वाढत जाणाऱ्या बांगड्या, कालांतराने पिवळसर झालेल्या. गेली कित्येक वर्षे तो बँकेच्या लॉकरमध्ये, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला आहे. आजेसासूबाईंचे छायाचित्र नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हस्ताक्षर नाही. त्यांच्या हाताचे माप काय ते उरले आहे, आणि ते त्या चुड्यात आहे. बाईंनी तो धाकट्या सुनेला द्यावयाचा ठरविला होता. थोरलीला सोने अधिक गेले, तेव्हा घराण्याची खूण धाकटीकडे, असा त्यांचा न्याय. सुनेलाही ते मनापासून हवे होते. परदेशात राहणाऱ्या मुलीला अशी एखादी वस्तू आपली वाटण्याचा आधार असते.

बाई तटाच्या सावलीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, “बेटा, दंतवाणिज्जे म्हणजे हेच का गं?”

वाचकांपैकी जे नित्य प्रतिक्रमण करतात त्यांना हा शब्द परका नाही. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या अतिचारांत पंधरा कर्मादाने येतात. ज्या व्यवसायांत हिंसा अपरिहार्य आहे असे श्रावकाने न करावयाचे पंधरा उद्योग. त्यांत अंगारकर्म आहे, वनकर्म आहे, आणि दंतवाणिज्य आहे, म्हणजे सुळे, शिंगे, कातडी अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार. त्याच यादीत केशवाणिज्य आहे. केस विकणे एवढाच त्याचा अर्थ नव्हे. टीकाकारांनी केस असलेल्या जिवांचा, म्हणजे जनावरांचा आणि दासदासींचा व्यापार असा तो केला आहे. उपासकदशांगात आनंद श्रावकाच्या व्रतग्रहणाच्या प्रसंगी ही यादी येते. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात तिचा विस्तार केला. मोंबासाच्या बंदरातून जे जात होते ते आमच्या आगमाने शेकडो वर्षे आधीच, नाव घेऊन, वर्ज्य ठरविले होते. एक नव्हे, दोन्ही.

बाई पन्नास वर्षांहून अधिक काळ रोज सायंकाळी हा शब्द म्हणत आल्या आहेत. म्हणताना लय सांभाळली जाते, अर्थ निसटतो. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पाठांतराचा तो स्वभावच आहे. परंतु सुळा जेथून निघाला त्या धक्क्यासमोर बसल्यावर शब्दाचा अर्थ टाळता आला नाही.

सुनेने बाजू मांडली, आणि ती दुबळी नव्हती. “बाई, आजेसासूबाईंनी काही व्यापार केला नाही. त्यांच्या वडिलांनी लग्नात घातला, त्यांनी घातला. त्यांना आफ्रिका कोठे आहे हेही ठाऊक नसेल. त्यांचा काय दोष?”

“दोष कोण म्हणते?” बाई म्हणाल्या. “पण घेणारा होता म्हणून आणणारा होता ना?”

व्यापारी घरातल्या बाईने मागणी आणि पुरवठा यांचा संबंध अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाइतक्याच थोडक्यात सांगितला. या प्रश्नाला आपल्या समाजात सहसा दोन उत्तरे दिली जातात. एक, ते जुन्या काळचे. दुसरे, त्या धंद्यात आपले लोक नव्हते, इतर होते. पहिले उत्तर फार तग धरीत नाही, कारण यादी त्या काळाहून जुनी आहे. दुसरेही तपासून घ्यावे. १८६० च्या सुमारास झांझिबारच्या इंग्रज वकिलाने, रिग्बीने, तेथील हिंदी व्यापाऱ्यांच्या ताब्यातील हजारो गुलाम मुक्त करविले. त्या व्यापाऱ्यांत निरनिराळ्या धर्मांचे आणि ज्ञातींचे लोक होते. परंतु हस्तिदंताचा माल मुंबईत उतरत होता, त्याची उचल मुंबईच्या पेढ्यांवर होत होती आणि बांगड्या पालीच्या चरकावर कातल्या जात होत्या. रक्कम कोणाच्या हातून गेली यावरून ती कोणत्या कामासाठी गेली हे बदलत नाही. कर्ज मंजूर करताना उद्योगाचे स्वरूप पाहावे लागते, केवळ तारण पाहून भागत नाही, हे बँकेतल्या कनिष्ठ अधिकाऱ्यालाही शिकवितात.

वाटाड्याने खाडीच्या पलीकडे हात केला. तेथे फ्रिअरटाऊन आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने १८७० च्या दशकात वसविलेली ती मुक्त गुलामांची वस्ती. वाटाडा सहज बोलून गेला की तेथे प्रथम आलेल्यांपैकी कित्येक जण भारतातून, नाशिक नावाच्या गावाहून आले होते. सुनेने मान वर केली. नाशिक?

गोष्ट खरी आहे. अरबी समुद्रात इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस आणली जात आणि त्यांतील अनेकांना नाशिकच्या मिशनच्या आश्रमात ठेवले जाई. त्या ठिकाणाला शरणपूर म्हणत. आज नाशिकला शरणपूर रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो माणसांना नावामागचे कारण ठाऊक नसते. ती मुले तेथे सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहावयास शिकली आणि मोठी झाल्यावर त्यांतली बरीच या किनाऱ्यावर परत आली. डॉ. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा त्यांचे शव किनाऱ्यापर्यंत घेऊन येणाऱ्यांत याच नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता.

बाईंचे माहेर नाशिकचे. शरणपूर रस्ता त्यांच्या शाळेच्या वाटेवर होता. त्या काही बोलल्या नाहीत. बराच वेळ पलीकडच्या किनाऱ्याकडे पाहत राहिल्या. किल्ला पाहावयास आलेल्या एका घरात तीन गावे निघाली. सुनेची वसई, सासूचे नाशिक आणि चुड्याचे पाली. आणि तिन्हींची वाट या एका बंदरात येऊन मिळत होती.

किल्ल्याचे उरलेले भाग त्यांनी भरभर पाहिले. कैद्यांच्या कोठड्या पाहिल्या, पावसाचे पाणी साठविण्याचे टाके पाहिले, समुद्राकडे उतरणारी अरुंद वाट पाहिली. १६३१ मध्ये, गोव्यात वाढलेल्या एका सुलतानाने उठाव करून हाच किल्ला जिंकला होता, तीही कथा वाटाड्याने सांगितली, पण ती ऐकण्याची मनःस्थिती आता दोघींची नव्हती. २०११ मध्ये युनेस्कोने या किल्ल्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्याची पाटी बाहेर पडताना दिसली.

मोंबासा विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आगेमागे मावळतो. चौविहार करणाऱ्यांना हे फार सोयीचे. घड्याळ बदलावे लागत नाही. परतताना जुन्या शहरालगतच्या श्वेतांबर मंदिरावरून गाडी गेली. जैनांनी या देशात दोन-तीन पिढ्यांत उभे केलेले जे काही आहे, त्यात १९६३ सालचे हे संगमरवरी मंदिर अग्रगण्य मानले जाते. बाई स्थानकवासी, तरी त्यांनी गाडी थांबवावयास सांगितली. आत गेल्या, नवकार म्हटला आणि पाच मिनिटांत बाहेर आल्या. घरी येऊन सूर्यास्तापूर्वी जेवण झाले आणि बाई प्रतिक्रमणाला बसल्या. नेहमीच्या लयीत पाठ चालला होता. सातव्या व्रतापाशी त्या थांबल्या. सुनेला स्वयंपाकघरातून ऐकू आले की एरवी एका श्वासात जाणारे ते पंधरा शब्द आज एकेक, सुटे सुटे उमटत आहेत.

रात्री मुलाला सारे सांगितले गेले. तो व्यवहारी आहे. म्हणाला, तसेही हस्तिदंत घेऊन या देशात येणे अशक्य. येथील सरकारने १९८९ मध्ये बारा टन हस्तिदंत जाहीरपणे जाळले आणि २०१६ मध्ये शंभर टनांहून अधिक. भारतातही १९९१ पासून आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. तेव्हा प्रश्न मिटलाच. बाई म्हणाल्या, “कायद्याने मिटला.” आणि विषय तेथेच राहिला.

सुनेच्या मनातून चुडा गेला नव्हता. जाळून टाकावा असे बाईही म्हणाल्या नाहीत. ज्या हत्तीचा तो आहे तो काही परत येणार नाही, आणि ज्या बाईचे माप त्यात आहे तिचे मात्र तेवढेच उरले आहे. या दोन गोष्टी एकाच फडक्यात गुंडाळलेल्या आहेत आणि त्यांची फोड कोणत्याही वजाबाकीने होत नाही. निरोपाच्या दिवशी विमानतळावर सून हलकेच म्हणाली, “बाई, मला तो हातात घालावयाचा नाही. पण टाकूही नका.” बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

नगरला परतल्यावर आठवड्याभरात बाई बँकेत गेल्या. लॉकरमध्ये दागिन्यांबरोबर एक दुमडलेला कागद असतो. कोणता डाग कोणाचा, याची त्यांच्या स्वतःच्या हातची यादी. पाटल्या थोरलीच्या. मोहनमाळ लेकीची. चांदीचे ताट नातवाचे. त्यांनी चुडा फडक्यातून काढला, मनगटाची बांगडी बोटांत धरून एकदा पाहिली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. मग पेन मागून घेतले आणि यादीत चुड्यापुढचे धाकट्या सुनेचे नाव खोडले. त्या जागी मोंबासा असे लिहिले आणि कागद पूर्वीसारखाच दुमडून आत ठेवला.